फेब्रुवारीच्या आधी, फेब्रुवारीच्या नंतर

अमेरिकेत दर फेब्रुवारीला एक विनोद फिरतो. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला महिना दिला, आणि तोही वर्षातला सगळ्यांत आखूड! विनोद झकास आहे, माहिती मात्र चुकीची. हा महिना वरून कुणी बहाल केलेला नाही. कार्टर वुडसन या इतिहासकाराने 1926 मध्ये फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला, कारण 12 तारखेला लिंकनचा आणि 14 तारखेला गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लसचा जन्मदिवस कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये आधीपासूनच साजरा होत होता. लोक जिथे आपणहून जमतात तिथेच आपला विषय मांडावा, इतका साधा हिशोब त्यामागे होता. कोळशाच्या खाणीत राबून विसाव्या वर्षी हायस्कुलात गेलेला आणि 1912 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस शाळाशाळांना धडे, चित्रं आणि नाटुकली पाठवायचा. त्याची अपेक्षा अशी की शाळेने वर्षभर हा इतिहास शिकवावा आणि त्या आठवड्यात जे शिकलो ते लोकांपुढे मांडावं. आठवडा हे निमित्त, काम वर्षभराचं. अमेरिकी विद्यापीठांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांच्या कार्यक्रमांनाही हाच हिशोब लागू.

आठवड्याचा महिना केला तो विद्यार्थ्यांनी. ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात 1968 साली 'ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स' ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं पोलिस खातं भरतीसाठी विद्यापीठात आलं, तेव्हा या विद्यार्थ्यांनी धरणं धरलं. कारवाईची धमकी आल्यावर शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थी सामानसुमान घेऊन विद्यापीठाबाहेर चालते झाले आणि कारवाई होणार नाही असं कळल्यावरच परतले. पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे 1969 मध्ये, संघटनेने आणि कृष्णवर्णीय शिक्षकांनी महिनाभराच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव मांडला. प्रत्यक्षात पहिला 'ब्लॅक हिस्टरी मंथ' झाला तो 2 जानेवारी ते 28 फेब्रुवारी 1970. चांगले आठ आठवडे! वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या महिन्याला मान्यता दिली ती 1976 मध्ये, सहा वर्षांनी.

इतिहासाच्या पानांवर अशा संघटना धरणं, मोर्चे आणि संप यांच्यासाठी ओळखल्या जातात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या 'ब्लॅक स्टुडंट युनियन'चा संप तर 6 नोव्हेंबर 1968 ला सुरू झाला आणि मार्च 1969 पर्यंत चालला. त्यातून वांशिक अभ्यासांचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं. त्या संपाचं एक छायाचित्र फार गाजलं: प्रभारी अध्यक्ष हायाकावा आंदोलकांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढून तारा उपटताहेत. पण 1966 मध्ये उभ्या राहिलेल्या या संघटनेची मुलं संपाआधी काय करत होती, हे क्वचितच सांगितलं जातं. ती फिलमोरसारख्या वस्त्यांतल्या पोरांना शिकवत होती आणि विद्यापीठातच कृष्णवर्णीय इतिहासाचे, नाटकांचे, कवितांचे वर्ग चालवत होती. संपात वस्ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. तिला ही पोरं नावानिशी ठाऊक होती.

तेव्हा या संघटनांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांकडे पाहायचं तर व्यासपीठाच्या मागच्या बाजूने पाहावं. कार्यक्रम माणसं खोलीत आणतो. ती खोलीत आल्यावर त्यांच्या हाती काय द्यायचं, ते आधीच्या महिन्यांत ठरलेलं असतं, किंवा ठरलेलं नसतं आणि मग रात्री दहाला नुसत्या खुर्च्या आवरायच्या उरतात.

पैशांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात. आपल्या मंडळांसारखी घरोघर फिरून वर्गणी इथे नसते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये उपक्रमांचा एक हिस्सा असतो आणि विद्यार्थी परिषदेकडे अर्ज करून त्यातून पैसे मागावे लागतात. अर्जाला कोटेशन जोडायचं, खर्च ओळीओळीने लिहायचा, सुनावणीला जायचं. मंजुरीला आठवडे जातात. ज्याला फेब्रुवारीत नावाजलेला वक्ता हवा त्याने सप्टेंबर-ऑक्टोबरात बोलणी सुरू करावीत, कारण फेब्रुवारीत सगळ्याच विद्यापीठांना तोच वक्ता हवा असतो. मानधनाचा करार विद्यापीठ करतं, विद्यार्थी नाही. एकोणीस वर्षांच्या अध्यक्षाने उत्साहात ईमेलवर 'ठरलं' असं लिहून टाकलं की पुढचे वाद अटळ. कलाकारांना त्याच रात्री चेक मिळेल असं कुणी परस्पर सांगू नये. करविषयक फॉर्म आधी भरून घेतला नसेल तर चेक महिनाभराने निघतो, आणि ढोल वाजवणारे पुन्हा बोलावल्यावर येत नाहीत. आणखी एक बारीक खड्डा: स्वतःच्या कार्डाने खरेदी केली तर विक्रीकर अनेक ठिकाणी परत मिळत नाही, कारण विद्यापीठाला तो माफ असतो. शंभर माणसांच्या जेवणावर ही रक्कम जाणवण्याइतकी होते आणि ती एखाद्या खजिनदार मुलीच्या खिशातून जाते.

हिवाळ्यातला मोठा कार्यक्रम म्हणजे क्वान्झा, आफ्रिकी वारशाचा कृष्णवर्णीयांचा सण. खरा सण 26 डिसेंबर ते 1 जानेवारी, पण तेव्हा वसतिगृहं रिकामी असतात. म्हणून संघटना तो परीक्षांच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी करतात. सात दिवसांचं सगळं दोन-अडीच तासांत बसवायचं, हीच त्यातली अवघड गोष्ट.

मांडणीचा क्रम ठरलेला आहे. आधी विणलेली चटई, म्केका. तिच्यावर सात मेणबत्त्यांची दिवठण, किनारा. मधोमध काळी मेणबत्ती, डावीकडे तीन लाल, उजवीकडे तीन हिरव्या. भोवती फळं-भाज्या, मक्याची कणसं, एकतेचा पेला आणि भेटवस्तू. घरातल्या प्रत्येक मुलामागे एक कणीस ठेवतात, पण मुलं नसली तरी निदान दोन ठेवायचीच, कारण वस्तीतली मुलं सगळ्यांचीच. भेटींमध्ये पुस्तक हवंच. आधी काळी मेणबत्ती लावतात. नंतर काही जण डावीकडून उजवीकडे जातात, काही जण एक लाल, एक हिरवी असं आलटूनपालटून लावतात. कोणतीही पद्धत घ्या, पण तालमीत एकदा ठरवा. ऐन वेळी दोन ज्येष्ठांमध्ये त्यावरून जुंपली की सभागृह गालात हसतं.

लाल आणि हिरव्या मेणबत्त्या नाताळमुळे ढिगाने मिळतात. काळी मात्र डिसेंबरात शोधत फिरावं लागतं. ती हॅलोविनच्या सुमाराला, ऑक्टोबरातच घेऊन ठेवावी. मेणबत्त्या दिवठणीत सैल बसतात, म्हणून बुडाला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळावा. आणि हे सगळं करण्याआधी विचारून घ्यावं की इमारतीत उघडी ज्योत चालते का. पुष्कळ विद्यापीठांत त्यासाठी अग्निसुरक्षा विभागाची लेखी परवानगी लागते. टेबलाजवळ अग्निशामक आणि एक नेमलेला माणूस लागतो. परवानगी नाकारली तर बॅटरीच्या मेणबत्त्या वापरतात. त्यात कमीपणा काहीच नाही. धुराचा भोंगा वाजून तीनशे माणसं डिसेंबरच्या थंडीत बाहेर उभी राहिली, तर त्यातली अर्धी परत आत येत नाहीत.

तर्पणाला क्वान्झात तंबिको म्हणतात. सगळ्यांत ज्येष्ठ व्यक्ती पूर्वजांची नावं घेत पाणी ओतते आणि लोक प्रत्येक नावाला 'आशे', म्हणजे 'तसंच होवो', म्हणतात. पाणी जमिनीवर नव्हे, मातीच्या कुंडीत ओतायचं. गुळगुळीत फरशीवर ओतलं की पुढचा नाचणारा घसरतो. ज्येष्ठ व्यक्ती कोण, याचा विचार जरा रेंगाळून करावा. विद्यापीठाचा उपाध्यक्ष सोयीचा असतो, आमंत्रण दिलं की येतो. पण गावातल्या चर्चमधली आजी किंवा चाळीस वर्षं भोजनगृहात राबलेली स्वयंपाकीण बोलावली, तर तिच्यामागे तिची माणसं येतात आणि नावं घेतली जातात ती त्या गावाची. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच.

सात तत्त्वांना सात वक्ते. उमोजा म्हणजे एकी, कुजिचागुलिया म्हणजे आपलं आपण ठरवणं, मग उजिमा (मिळून काम आणि जबाबदारी), उजामा, निया (ध्येय), कुउम्बा (सर्जनशीलता), इमानी (श्रद्धा). प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर चौदा मिनिटांत होतं. 'थोडक्यात बोला' एवढंच सांगितलं तर चाळीस मिनिटं जातात आणि जेवण गार होतं. वक्त्याला तत्त्वाची व्याख्या वाचायला सांगू नये, ती कार्यक्रमपत्रिकेत छापावी. त्याऐवजी या गावात ते तत्त्व कुठे दिसतं ते सांगायला लावावं. उजामा म्हणजे सहकारी अर्थकारण. तिथे न्हाव्याने किंवा दुकानदारीणबाईने उभं राहून आपल्या दुकानाचा पत्ता आणि वेळ सांगितली, तर ते तत्त्व शब्दांबाहेर पडतं.

जेवण. शंभर माणसांना तांदूळ साडेसात किलो पुरतो. वाळलेली चवळी चार किलो. कोलार्ड ग्रीन्स ही कोबीच्या जातीची पालेभाजी शिजून इतकी आक्रसते की कच्ची बारा ते चौदा किलो घ्यावी लागते. ती देठ काढून, तीन पाण्यांत धुऊन, मंद आचेवर तास-दीड तास शिजवायची. वाळू राहिली तर दातांखाली येते आणि लोक वर्षभर लक्षात ठेवतात. परंपरेने तिच्यात डुकराचं खारवलेलं मांस पडतं. संघटनेत सेनेगल, सोमालिया, उत्तर नायजेरियातली मुसलमान मुलं असतात, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी धुरावलेली टर्की घालतात आणि शाकाहाऱ्यांचं पातेलं वेगळं, डावही वेगळा. गरम पदार्थ 57 अंश सेल्सियसच्या वर राहिला पाहिजे. भाषणं लांबली की धोका नेमका इथे. घरून करून आणलेलं अन्न पुष्कळ विद्यापीठं वाढू देत नाहीत. तिथे विद्यापीठाच्या आचाऱ्याला पाककृती आणि शक्य असेल तर गावातली एखादी अनुभवी बाई दोन्ही द्यावीत. नुसती पाककृती दिली की मीठ-मिरी नसलेली हिरवी लापशी ताटात येते.

क्वान्झाबद्दल एक अवघड गोष्ट लपवून चालत नाही. 1966 मध्ये हा सण सुरू करणारे मौलाना करेंगा यांना 1971 मध्ये स्त्रियांचा छळ केल्याच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला होता. त्यांची 'यूएस' ही संघटना आणि ब्लॅक पँथर ही कृष्णवर्णीयांची दुसरी लढाऊ संघटना यांच्यातलं वैर इतकं विकोपाला गेलं की 17 जानेवारी 1969 ला लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठात, कॅम्पबेल हॉलमध्ये, बंची कार्टर आणि जॉन हगिन्स हे दोन पँथर विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. तिथे बैठक होती ती ब्लॅक स्टुडंट युनियनची. वाद होता विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय अभ्यासकेंद्राचं नेतृत्व कुणी करावं याचा. आजही दर दोन-तीन वर्षांनी कुणी नवी मुलगी बैठकीत उभी राहून विचारते की आपण हा सण का करतो. तिला गप्प करणं सोपं आहे, पण मूर्खपणाचं. शहाण्या संघटना त्या प्रश्नावर सणाआधी एक चर्चेची संध्याकाळ ठेवतात आणि मग सण करायचा की नाही ते मतदानाने ठरवतात. सण निर्मात्याच्या हातून सुटून लोकांचा झाला आहे असं मानणारे अनेक, न मानणारेही आहेत. दोघांना बोलता आलं पाहिजे.

स्टेप शोबद्दल थोडक्यात. हॉवर्ड विद्यापीठात 10 मे 1930 ला स्थापन झालेल्या परिषदेतल्या नऊ कृष्णवर्णीय बंधुमंडळांचं आणि भगिनीमंडळांचं (विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी) हे पदलाघव. पाय आणि टाळ्या हेच वाद्य. रबरी किंवा गालिचाच्या जमिनीवर ते मरतं. लाकडी मंच हवा, त्याचे भाग एकमेकांत घट्ट अडकवलेले हवेत आणि मायक्रोफोन जमिनीलगत हवेत. एका मंडळाच्या खास चाली आणि इशारे दुसऱ्याने करणं हा अपमान समजतात. हौशी निवेदकाने गमतीत एखादा इशारा करून दाखवला की संध्याकाळ तिथेच बिघडते.

आता नंतरचं काम. त्यातलं रक्तदान मला सगळ्यांत चोख वाटतं, कारण त्याला व्यासपीठ लागत नाही आणि त्याचा परिणाम थेट आहे. अमेरिकेत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय. दर 365 कृष्णवर्णीय जन्मांमागे एक बाळ या आजाराचं असतं, आणि दर तेरांमागे एक वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेला पण आजाराचं जनुक बाळगणारा. अशा रुग्णाला आयुष्यभर पुन्हा पुन्हा रक्त लागतं. नुसता ए-बी-ओ गट जुळून भागत नाही. सी, ई, केल असे बारीक प्रतिजनही, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा, जुळावे लागतात, नाहीतर शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढची पिशवी मिळणं अवघड होत जातं. असं जुळणारं रक्त त्याच वंशाच्या दात्यांत सापडण्याची शक्यता जास्त. गडचिरोली-नंदुरबारच्या वाचकाला हा आजार नव्याने सांगायला नको. तिथल्या आश्रमशाळांत बोट टोचून होणारी तपासणी आणि या शिबिरांतली रांग, दोन्हींमागे तोच एक बदललेला हिमोग्लोबिन आहे.

शिबिरात चाळीस नावं आली म्हणजे चाळीस पिशव्या मिळत नाहीत. मुलींचं हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असतं. वजन 50 किलोला थोडं कमी पडतं. सकाळी न खाता आलेला मुलगा खुर्चीवरच पांढरा पडतो. आणि कृष्णवर्णीय संघटनेला खास भोवणारं कारण म्हणजे मलेरिया. मलेरियाग्रस्त देशात राहून आलेल्या माणसाला नियमाने तीन वर्षं थांबवतात. म्हणजे लागोसहून गेल्या ऑगस्टात आलेला, रक्त द्यायला सगळ्यांत उत्सुक असलेला विद्यार्थी बाद. हे नोंदणीच्या टेबलावर कळलं तर त्याला ते वंशभेदासारखं वाटतं. म्हणून पत्रकातच लिहावं आणि अशा मुलांना नोंदणी, सरबत, वाहतूक या कामांवर आधीच घ्यावं. वाहकाने रक्त दिलं तर चालतं, पण ते गाळणीत अडकू शकतं आणि सिकल सेलच्या रुग्णाला देत नाहीत. हेही आधी सांगावं. दुसरं शिबिर 56 दिवसांच्या आत ठेवलं तर पहिले दाते येऊच शकत नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आणि एप्रिलच्या मध्यावर दुसरं, हे गणित बसतं.

अविश्वासाला मात्र पत्रक पुरत नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता नुसतं पाहत राहिले. रेड क्रॉस 1950 पर्यंत कृष्णवर्णीयांचं रक्त वेगळं ठेवत असे, आणि रक्तद्रव साठवण्याचं तंत्र पक्कं करणारा चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होता! आजीकडून हे ऐकून आलेल्या मुलीला 'घाबरू नकोस' म्हणून उपयोग नाही. टेबलाशी तिच्या वर्गातली, आधी रक्त दिलेली मैत्रीण बसली तर हीही रक्त द्यायला तयार होते. शक्य असेल तर सिकल सेलचा एखादा रुग्ण बोलवावा, पण त्याच्या मर्जीने आणि त्याच्या वेळेप्रमाणे. थंडीत त्याच्या वेदना उठतात, त्यामुळे तो ऐन वेळी न आल्यास कार्यक्रम अडता कामा नये.

शिकवणीचं काम याहून संथ आणि याहून नाजूक. अल्पवयीन मुलांबरोबर बसायचं तर पार्श्वभूमीची तपासणी आधी व्हावी लागते, तिला आठवडे लागतात, म्हणून ऑगस्टातच अर्ज. गाडी नसेल तर शाळा बसच्या मार्गावरचीच निवडावी. सगळ्यांत मोठी चूक दिनदर्शिकेची असते. विद्यापीठ डिसेंबरच्या मध्याला थांबतं, शाळा पुढेही चालू राहते, आणि चौथीतलं पोरगं दर मंगळवारी दाराकडे पाहत बसतं. पहिल्याच दिवशी मुलांना कॅलेंडर द्यावं, शेवटच्या दिवसावर गोल करावा.

हे सगळं आता जास्त निकडीचं झालं आहे. टेक्सासमध्ये 1 जानेवारी 2024 पासून आणि ओहायोत 2025 पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-कार्यालयं (अल्पसंख्य विद्यार्थ्यांना आधार देणारी) कायद्याने बंद झाली. टेक्सासच्या कायद्यात विद्यार्थी संघटनांना सूट आहे. पण कार्यालय गेलं की त्याची खोली, त्याचा पगारी सल्लागार आणि पंधरा वर्षांचे फोन नंबर असलेला कर्मचारीही जातो. ज्या संघटनांनी आपली माहिती त्या कार्यालयाच्या कपाटात ठेवली होती, त्या रिकाम्या हाताने उरल्या.

म्हणून एप्रिलमधलं हस्तांतर. नवे पदाधिकारी निवडले गेले की जुन्यांनी किमान तीन आठवडे त्यांच्यासोबत बसावं, पदवीदानाच्या आदल्या दिवशी नव्हे. पासवर्ड संघटनेच्या ईमेलवर, कुणाच्या खाजगी खात्यावर नाही. प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान: किती माणसं येतील वाटलं होतं, किती आली, काय उरलं, काय संपलं, कोणत्या ढोलवाल्याला किती दिले, अग्निसुरक्षा विभागात कुणाशी बोलायचं, कोणत्या चर्चला आभारपत्र पाठवायचं राहिलं. काळी मेणबत्ती कुठे मिळाली तेही. वर्षातला उरलेला निधी बहुतेक ठिकाणी 30 जूनला परत जातो. तो मेमध्ये टी-शर्टांवर उडवण्याऐवजी किनारा, चटया, पाण्याच्या बाटल्या आणि पुढच्या शिबिराची पत्रकं यांत घालावा, आणि खोक्यावर आत काय आहे ते ठळक अक्षरांत लिहून ठेवावं.